बायजाक्काचं पडीक रान

सहा रानांत शाळूची ज्वारी कमरेला लागलेली आणि त्यांच्या बरोबर मधोमध दोन एकर पडीक. नुसतं पडीक नव्हे, तर वेड्या बाभळी, कुंदा, हरळी, काय विचारू नका. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्यातला साहेब जागा झाला. कृषी सहायक म्हणजे काही मोठा साहेब नव्हे, पण मोटारसायकलवरून कागद घेऊन उतरलं की खेड्यात माणसं साहेब म्हणतात आणि हळूहळू आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं.

बांधावर एक बाई शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा गोळा करत होती. साठी ओलांडलेली, नऊवारी लुगडं, पायात पुरुषी चपला. मी विचारलं, "ही हिरवी रानं कुणाची?"

"सहा घरांची हायत. समदी परगावी. पिकवती म्या."

"आणि हे मधलं? ह्याचा मालक कुठं जाऊन बसलाय? स्वतः करायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि तण सगळं शेजाऱ्याच्या रानात. असल्या माणसाला नोटीस काढली पाहिजे."

"काडा की," बाई म्हणाली. "बायजाबाईच्या घरावर काडा. आमचंच हाय."

तिनं शेंगांची पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. मी तिथंच उभा. मी सांगलीचा अत्तार. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, त्यामुळं कुणी दोन शब्द बोललं की तिसरा न बोललेला शब्द कोणता, हे हुडकायची खोड लहानपणापासून. अम्मी त्याला सरळ नाक खुपसणं म्हणते. लोकांची सहा रानं पिकवणारी बाई स्वतःचं एकच रान पडीक का ठेवते? ह्या प्रश्नानं पुढं पावणेदोन वर्षं माझा पिच्छा सोडला नाही.

हिवरतळ हे गाव सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. बहुतेक घरं मूळची मेंढरंवाली. आजोबांच्या पिढीनं मेंढरं विकून रानं धरली आणि नातवांच्या पिढीनं रानं सोडून गलाईचा धंदा धरला. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या ह्या भागातली पोरं त्यासाठी पार पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत पसरलीत. गावात दुमजली बंगले, त्यांना कुलपं, आणि अंगणात गवत. ह्याआधी मी मेढ्याला होतो. तिकडं डोंगरातल्या ताली, म्हणजे उतारावरचे दगडी बांध, ढासळलेल्या बघून जीव हळहळायचा, पण तिथं निदान गरिबीनं माणसं गेली म्हणता यायचं. इथं माणसं श्रीमंत झाली आणि रानं उपाशी राहिली.

त्यात आणखी एक भानगड. मालक दुसऱ्या कुणाला रान कसायला द्यायला भितात. चार वर्षं एकाच माणसानं कसलं की कूळ लागेल, रान हातचं जाईल, ही भीती बापजाद्यांपासून चालत आलेली. त्यापेक्षा पडीक बरं. एकदा रान पडीक पडलं की कुंदा शिरतो, बांध फुटतो, वरच्या रानाचं पाणी खालच्या रानाची माती घेऊन जातं. म्हणजे एक जण गेला की शेजारच्या दोघांचं वाटोळं.

बायजाक्कानं ह्यावर आपला उपाय काढला होता. गावात सगळे तिला बायजाक्काच म्हणत, आणि मीही आठवड्याभरात म्हणायला लागलो. उपाय असा: तुमचं रान मी करते. कडबा माझा, शाळूतलं एक पोतं तुमच्या घरी पोचतं. लिहिणं नाही, कागद नाही. अट एकच. पेरणीच्या दिवशी सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्यानं स्वतः यायचं आणि चाड्यावर पहिली मूठ धरायची.

ज्यांनी कुरी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुरी म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. तिच्यावर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. चालता चालता मुठीतून त्यात दाणे सोडायचे, ते नळ्यांतून खाली मातीत पडतात. आता ट्रॅक्टरच्या पेटीत पोतं ओतलं की काम झालं, माणसाच्या हाताचा संबंधच नाही. पण आक्काचा हट्ट, की प्रत्येक रानाचा पहिला फेरा कुरीनं. बाकीचं ट्रॅक्टरनं पेरा, माझं काही म्हणणं नाही. गावात बैलजोडी उरली होती एकच, इलाही मुलाण्याची. इलाही तिच्याच वयाचा, बोलायला तिखट, आणि ती जोडी तो केवळ आक्काच्या ह्या सहा फेऱ्यांसाठी पोसतो, असं गाव म्हणायचं. त्याला विचारलं तर म्हणायचा, "बैलास्नी इचारा. माझं कोन ऐकतंय."

पावसाळा सरत आला की आक्काचं फोनसत्र सुरू व्हायचं. तिला लिहिता-वाचता येत नाही. घराच्या भिंतीवर गेरूनं सहा नंबर लिहून घेतलेले आणि प्रत्येकापुढं एक चित्र. चष्मा म्हणजे साताऱ्यात स्थायिक झालेले निवृत्त सुभेदार. विमान म्हणजे लुधियानाचे शेट. सायकल, छत्री, मिशी, आणि एकापुढं नुसता गोल, कारण "त्यो दिसायलाच तसा हाय." आकडे बघून बटणं दाबायची आणि मग असं ओरडायचं की फोन नसता तरी लुधियानाला ऐकू गेलं असतं.

"शेट! ओल चांगली हाय! परवा बगितली!"

ओल ती अशी बघायची: रानातली वीतभर खालची माती काढायची, मुठीत दाबून तिचा लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून दोन-तीन तुकडे झाले की पेरायची वेळ. भुगा झाला तर उशीर. मी आमच्या ऑफिसातलं ओल मोजायचं यंत्र एकदा घेऊन गेलो होतो. तिनं ते कौतुकानं उलटंपालटं केलं, मातीत खुपसलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "चांगलं हाय. माझ्यावानीच सांगतंय."

ही अट कशाला, हे मी तिला नाना तऱ्हेनं विचारलं. मजा म्हणजे ती प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायची. तलाठ्याला सांगितलं होतं, "मालकाच्याच हातनं पेरलं म्हंजे उद्या कोन म्हननार न्हाई बायजानं रान दाबलं." ते पटण्यासारखं होतं. इलाहीला म्हणायची, "वरसातनं येकदा च्याला चार मानसं नकोत व्हय?" तेही खोटं नव्हतं. मला पहिल्या वर्षी म्हणाली, "आवं, रानाला मालक वळखायला पायजे." मी म्हटलं, "आक्का, रान ओळखतं का कुणाला?" तर माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "मानसं वळखंनात, म्हनून रानाला सांगाय लागतंय."

आणि ते अगदी खरं होतं. पहिल्या पेरणीला मी मुद्दाम हजर राहिलो. मिशीवाले गृहस्थ पुण्याहून गाडी घेऊन आले, उतरल्या उतरल्या माती कपाळाला लावून फोटो काढून घेतला. रान शेजाऱ्याचं होतं. आक्कानं त्यांना काही न बोलता दंडाला धरलं आणि बांध ओलांडून त्यांच्या रानात आणून उभं केलं. सुभेदार मात्र शिस्तीचे. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं निघायचे, गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि रानात पाऊल टाकायच्या आधी चपला काढून एका ओळीत ठेवायचे. वर्षभर साताऱ्यात कॉलनीच्या कमिटीत भांडणारे सुभेदार आक्कापुढं मात्र रिक्रूट.

"मूट लय आवळू नगा, सुभेदार. बंदूक न्हाई ती."

"आक्का, सुटतंय का बघा."

"सुटतंय, पर दमानं. आंगट्यानं सोडा."

शेट आले नाहीत. दुकानात मोठं काम होतं. त्यांनी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाले, "आक्का, मी इथं मूठ सोडतो, तुम्ही फोन चाड्यावर धरा. माझा हात दिसला म्हणजे झालं." त्यांनी खरंच लुधियानात ज्वारी आणवली होती. मुठीनं ती फरशीवर सोडली. आक्कानं सगळं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "शेट, फरशीवर उगावलं तर कळवा." फोन बंद. शेटचं रान तसंच थांबलं. इलाही बैल सोडून घरी गेला. सहाव्या दिवशी शेट विमानानं पुण्याला, तिथून गाडीनं हिवरतळला, पांढऱ्या पँटीत, रागानं लाल. एक फेरा मारला, मातीनं माखले, परत जायला निघाले आणि मग काय झालं कुणास ठाऊक, बांधावर बसले ते दोन तास उठलेच नाहीत. आक्कानं दिलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला. जाताना मला म्हणाले, "ही बाई डोक्यावर पडलीय." पण पुढच्या वर्षी बोलवायच्या आधी आले.

पीक उगवलं की पहिला फेरा लांबूनही ओळखू यायचा. ट्रॅक्टरनं पेरलेल्या ओळी सरळ, सारख्या. पहिल्या फेऱ्यात मात्र कुठं दाटी, कुठं हातभर मोकळं. मी म्हटलं, "आक्का, मोकळ्या जागी पुन्हा दाणे टोचा की. तेवढंच उत्पन्न." ती म्हणाली, "नगं. ऱ्हाऊ द्या ज्याचं त्याला." मग हौसेनं मला बांधाबांधानं फिरवून वाचून दाखवलं. इथं सुभेदारांचा गुडघा दुखला. इथं मिशीवाल्याला फोन आला. हे छत्रीवालीचं, बाई असून किती एकसारखं पडलंय बघा, माहेरी पेरलेलं असणार. अक्षरओळख नसलेली बाई मला रान वाचून दाखवत होती आणि मी, पदवीवाला, मुकाट्यानं मागून चाललो होतो.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध ते बाभळीचं रान.

त्याचा उलगडा माझ्या पहिल्या पेरणीच्या आधीच इलाहीनं केला होता. भिंतीवर सातवा नंबर नव्हता, कारण तो आक्काला पाठ होता. मारुती, तिचा एकुलता एक मुलगा. कोइमतूरला गलाईच्या दुकानात. नवरा वारल्यावर रानाला मायलेकांची दोघांची नावं लागली असती. आक्का स्वतः तालुक्याला गेली, आपला हक्क सोडून दिला आणि एकट्या मारुतीचं नाव लावलं.

"का?" मी विचारलं.

"का म्हंजे? तिला वाटलं, नाव लागलं की पाय लागतील. पोरगं वरसाला येत ऱ्हाईल."

"आणि?"

"यायचा की. दर पेरनीला यायचा. मंग यायचं बंद झालं. दोन पेरन्या झाल्या." इलाहीनं बैलाच्या पाठीवरची गोचीड काढून चिरडली. "नाव त्याचं. त्यानं मूट धरल्याबिगर ती पेरत न्हाई. लोकास्नी एक आन् पोराला एक, आसं कसं करंल ती?"

मला आधी हसू आलं आणि मग राग. हा काय हटवादीपणा! आपणच काढलेल्या नेमात आपणच अडकायचं. त्या पडीक रानातला कुंदा दर पावसाळ्यात सहाही रानांत शिरत होता. त्यासाठी आक्का कमरेत वाकून खुरपं घेऊन बांधाकडंनी मरत होती. वरचा बांध फुटला होता, तिथून सुभेदारांच्या रानाची माती वाहायला लागली होती. मी तिला जाऊन ठणकावलं, "आक्का, तुमच्या एका रानापायी सहा रानांची वाट लागेल. फोन करा, मारुतीला म्हणा मी मूठ धरते. तो काय नको म्हणतोय?"

"त्यो कशाला नगं म्हनंल? त्यो तर सांगतोयच, तूच धर म्हनून."

"मग?"

"मंग काय? बाकीच्यास्नी बी तसंच सांगू? तुमी बसा, मी धरती? आवं सायेब, एकदा सांगितलं की संपलं. फुडच्या वर्सी कुनी सुदीक येनार न्हाई. मालक न्हाई आलं की भ्या वाटतंय त्यास्नी. रान काडून घेत्यात. सहाबी पडीक." मग म्हणाली, "आन् त्यो येईल की. न्हाई कसा येनार?"

त्या वर्षीही मारुती आला नाही. तिसरी पेरणी. सहा रानं पेरून झाल्यावर आक्का एकटी त्या पडीक रानात गेली, माती काढली, लाडू केला आणि सोडला. मी लांबून बघत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. नवव्या का दहाव्या दिवशी भुगा झाला. तिनं हात लुगड्याला पुसले आणि शेळ्यांकडं गेली. मला तेव्हा जे वाटलं ते सांगतो, मारुती समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

तो समोर नव्हता, पण फोन होता. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी माझी बदली साताऱ्याला होणार असं कळलं, दिवाळीच्या आत जायचं होतं. मी इलाहीकडून नंबर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लावला. तयारीनं लावला. आईचं वय, रानाची अवस्था, तण, माती, सगळं क्रमानं सुनावलं. पलीकडं भट्टीचा आवाज येत होता. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, व्हिडिओ लावू का?"

लावला. चेहरा आईचाच. त्यानं उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर मूस कलंडली होती. मूस म्हणजे सोनं आटवायचं भांडं. तीन बोटं एकमेकांना चिकटून आखडलेली, अंगठा आडवा, तळव्यावर गुळगुळीत लाल कातडी. तो बोटं मिटायचा प्रयत्न करत होता, आणि ती मिटत नव्हती.

"मूट वळत न्हाई सायेब," तो म्हणाला.

माझी सगळी तयारी तिथंच संपली. मी विचारलं, "आईला माहीत नाही?"

"न्हाई. फोनवर कुटं हात दिसतोय? येतो म्हनायचो आन् दुकानाचं निमित्त सांगायचो." मग तो भराभर बोलायला लागला, जसं काही इतकी वर्षं कुणी विचारायचीच वाट बघत होता. "सगळ्यांदेखत कुरीपशी हुबा ऱ्हायलो आन् दानं सांडलं तर? तिला कळलं तर ती नेम मोडंल. माझ्यापायी मोडंल. मंग सुभेदार कशाला येतील, शेट कशाला येतील? तिचं समदं त्या नेमावर चाललंय. आन् खरं सांगू का... तिनं हात बगितलेला मला बगवनार न्हाई."

"अरे पण ती रोज रानात जाऊन माती दाबून बघते, तुला माहीत आहे का?"

ते त्याला माहीत नव्हतं. 

मी आईला सांगणार नाही असा शब्द त्यानं माझ्याकडून घेतला. मी दिला. पण मी पेठेतल्या दिवाणजीचा मुलगा, शब्द देताना फट ठेवायची मला सवय. म्हटलं, "मारुती, शब्द दिला तो दिला. पण माझी बदली झालीय. पेरणीनंतर मी इथून चाललो. जाताना माणसाचा जीव हळवा होतो, तोंडाचा भरवसा राहत नाही. त्याच्या आत तू आलास तर बरं."

"सायेब, ह्यो तर दम झाला."

"दमच आहे."

पंधरा दिवसांनी आक्का मला रस्त्यात आडवी आली. तोंडभर हसू. तिचे पुढचे दोन दात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. "मारुती येतोय औंदा! सोता फोन केला!" आणि मग तिनं जे मांडलं! खालच्या गावातून बाभळी उपटायला यंत्र मागवलं. मुळं काढायला स्वतः कुऱ्हाड घेऊन उतरली. इलाही म्हणाला, "आगं, मरशील," तर त्यालाच कामाला लावलं. फुटलेला बांध घातला. नांगरट, कुळवाच्या पाळ्या, सगळं आठवड्याच्या अंतरानं. काळंभोर रान निघालं. ती मला हाताला धरून दाखवायची, "बगा, तीन वरसं इसावा घेतलाय, औंदा कसं येतंय बगा." मी मान हलवायचो. तिला तो हात कुरीपाशी, चारचौघांत दिसणार होता. सांगावं तर शब्द दिलेला, न सांगावं तर हे असं. नाक खुपसायचं हौसेनं आणि मग ते बाहेर काढता येत नाही, अशी माझी गत.

पेरणीचा दिवस उजाडला. सुभेदारांचं, शेटचं, छत्रीवालीचं, सगळ्यांचे फेरे झाले. मारुतीचं रान शेवटी ठेवलं होतं. तो आदल्या रात्री पोचला होता. थंडी नव्हती तरी अंगावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि उजवा हात खिशात. आक्कानं त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडं आणि त्याच्या ताटाकडं.

तिनं कुरीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, ओच्यातलं बी घेतलं आणि हात पुढं केला. "धर."

मारुती हलेना. सुभेदार, शेट, इलाही, मी, सगळे उभे. मला वाटलं, मोटारसायकल काढावी आणि सरळ सांगलीला निघून जावं.

त्यानं हात खिशातून काढला.

आक्कानं बघितलं. ओंजळीतलं बी तिनं सांडू दिलं नाही.  मग म्हणाली, "कवा?"

"पयल्यांदा आलो न्हाई, त्या वर्सी."

"दुकतंय?"

"आता न्हाई."

"जेवताना?"

"डाव्यानं जेवतो. काल बी डाव्यानंच जेवलो, तू बगितलं न्हाईस."

तिनं मान खाली घातली, आणि पुन्हा वर केली तेव्हा तिचा आवाज चढला होता. "आरं मुडद्या! डावा हाय न्हवं? मंग? तीन वरसं रान उपाशी ठेवलंस ह्याच्यापायी? हिकडं ये. ह्या बाजूनं ये."

डाव्या हातानं मूठ धरायची म्हणजे कुरीच्या उलट्या बाजूनं चालावं लागतं. बैल बुजले. इलाहीनं शिव्या दिल्या, बैलांना का मारुतीला ते कळलं नाही. मग कुरी चालली. डाव्या हाताची मूठ अडाणी. दाणे कधी भसकन पडायचे, कधी पडायचेच नाहीत. आक्का शेजारून चालत होती. "आवळू नगंस. आंगट्यानं सोड. हां. आसं." बांधापर्यंत गेले, वळले, परत आले. सुभेदार एका पायावर भार देऊन ताठ उभे होते, आणि शेट उगाच फोनमध्ये बघत होते.

फेरा संपला तशी आक्का मटकन ढेकळावर बसली. मारुती तिच्यापुढं उकिडवा बसला. तिनं तो उजवा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मग ती रडली. आडपडदा न ठेवता, पदर तोंडाला न लावता रडली. मधेच म्हणाली, "माजंच चुकलं. तीन वरसांत शंभर येळा फोन केला आसंल तुला. पेराय ये म्हनलं. ओल हाय, ये म्हनलं. येकदा सुदीक नुसतं ये म्हनलं न्हाई रं."

मारुती म्हणाला, "आई, नेम..."

"नेम लोकास्नी आसतोय. तू काय लोक हायस व्हय?"

हे सगळ्यांच्या देखत बोलली. शेट फोन खिशात घालून म्हणाले, "आक्का, आम्ही येतो की पुढच्या वर्षी. नेम असो नसो." सुभेदार म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन त्या हिशोबानंच लावतो." आक्कानं डोळे पुसले आणि म्हणाली, "यायलाच पायजे. मी काय तुमास्नी सोडलंय?"

पुढं काय होईल ते मला माहीत नाही. आक्का थकल्यावर ती सात रानं कोण करणार, इलाहीचे बैल म्हातारे झाल्यावर पहिला फेरा कशानं मारायचा, ह्याला माझ्या खात्यात उत्तर नाही आणि माझ्याकडंही नाही. मी एवढंच बघितलं, की त्या वर्षी हिवरतळच्या त्या तुकड्यात एकही रान पडीक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. मोटारसायकल आधीच ट्रकनं पाठवली होती, म्हणून दुपारच्या मिरजेच्या एसटीनं निघालो. मारुतीही त्याच गाडीला, मिरजेतून त्याची रेल्वे. आक्का दोघांना सोडायला फाट्यावर आली. मला तिनं शाळूच्या पिठाची पिशवी दिली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "तुमाला ठावं होतं. व्हय न्हवं?" मी खाली बघितलं. "बरं केलंसा," ती म्हणाली. "पर लय दिवस पोटात ठिवलं."

गाडी आली. मारुती खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. खालून आक्कानं विचारलं, "आता कवा?"

"शाळू काडायला येतो की."

"शाळू काडायला बाया हायत्या, इलाही हाय. तू त्याला येऊ नगंस." कंडक्टरनं घंटी मारली. ती गाडीबरोबर चार पावलं चालली. "तू काम नसताना ये. आसाच ये."

गाडी सुटली. तिच्या त्या पुरुषी चपला, कमरेवर हात, उन्हात बारीक केलेले डोळे. मारुतीनं उजवा हात खिडकीबाहेर काढला होता, बाही कोपरापर्यंत वर सारून, आणि फाटा दिसेनासा होईपर्यंत त्यानं तो आत घेतला नाही.